बारवीचा दरवाजा आणि मोहन्याची नदी

बारवी धरणातले पाणी ७२.६० मीटरच्या पातळीला टेकले की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. कोणाला फोन करावा लागत नाही, कोणाच्या सहीची वाट पाहावी लागत नाही, मध्यरात्र असो की पहाट. पावसाळ्यात ठाणे जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत ही बातमी ठरलेली असते: बारवी भरली, नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा. धरणाच्या सुरक्षेच्या दृष्टीने हा दरवाजा निर्दोष आहे. भिंतीला धोका होण्याआधी पाणी वाट काढते आणि माणसाच्या हलगर्जीला तिथे जागाच उरत नाही. पण हा दरवाजा काय जाणतो, याची यादी केली तर ती एका ओळीत संपते. त्याला फक्त स्वतःच्या पायाशी असलेले पाणी कळते. कर्जत-नेरळच्या डोंगरावर सकाळपासून काय कोसळते आहे, बदलापूरला उल्हास नदी कुठवर चढली आहे, कल्याणच्या खाडीत भरती लागली आहे की ओहोटी, मोहन्याच्या उदंचन केंद्राच्या पायऱ्यांना पाणी लागले आहे की नाही, यातले काहीच त्याला ठाऊक नसते. धरण वाचवण्याचे काम तो चोख करतो. खालच्या माणसांना वाचवणे हे त्याचे कामच नव्हे.

हे ‘खालचे’ ठिकाण म्हणजे मोहने. मध्य रेल्वेवर शहाडच्या पुढे आंबिवली स्थानक आणि त्याला लागून उल्हासच्या काठावरचे हे गाव. ‘एनआरसी’ म्हणजे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या कारखान्यामुळे ते कामगारांचे गाव झाले आणि २००९ साली कारखाना बंद पडल्यावर बंद गिरणीच्या गावाची सगळी दुखणी त्याच्या वाट्याला आली. आज कल्याण-डोंबिवलीच्या दृष्टीने मोहन्याचे महत्त्व आहे ते पाण्यासाठी. येथील बंधाऱ्याजवळ नदीतून उचललेले पाणी शुद्ध होऊन शहराच्या नळांत पोचते. महापूर आला की मोहिली, मोहने अशा नदीकाठच्या उदंचन केंद्रांतच पाणी शिरते, पंप बंद करावे लागतात आणि रस्त्यावर कमरेएवढे पाणी असताना घरातला नळ कोरडा राहतो. हा विनोद कल्याणकरांनी एकापेक्षा जास्त वेळा अनुभवला आहे. नकाशात एक गोष्ट मात्र नीट पाहण्यासारखी आहे. बारवी नदी उल्हासला मिळते ती बदलापूरच्या खाली, जांभूळ-आपटीच्या परिसरात. म्हणजे बदलापूरला जी पातळी मोजली जाते आणि जिच्यावरून इशारे दिले जातात, त्या आकड्यात बारवीचे पाणी नसतेच. मोहन्याला येणारा पूर ही बदलापूरची नदी, बारवीचा विसर्ग आणि मधल्या ओढ्या-नाल्यांची भर अशी बेरीज आहे. त्याही खाली काळू नदी येऊन मिळते आणि समोरून भरतीचे पाणी चढत असेल तर या सगळ्याचा निचरा तुंबतो. या बेरजेतला प्रत्येक आकडा कोणा ना कोणाकडे असतो. बारवी औद्योगिक विकास महामंडळाची, पाऊस हवामान खात्याचा, पंप महापालिकेचे आणि वरच्या अंगाचे एक मोठे धरण तर टाटांच्या वीज कंपनीचे. प्रश्न बेरीज करण्याचा आहे. त्याहून अवघड प्रश्न असा की दर वर्षी बेरजेचे नियमच बदलत असतील तर ते कोणाच्या लक्षात येणार?

संगणकशास्त्रात असे काम करणाऱ्यासाठी एक शब्द आहे, ‘एजंट’. आपल्याकडे एजंट म्हटले की विम्याचा किंवा आरटीओच्या दारातला माणूस डोळ्यांसमोर येतो, तेव्हा इथे आपण त्याला कारभारी म्हणू. भोवतालची खबर घेणारा, तिच्यावरून परिस्थितीचे चित्र मनात उभे करणारा आणि त्या चित्राच्या आधारे पुढचे पाऊल ठरवणारा सॉफ्टवेअरचा कारभारी. बारवीचा दरवाजाही एका अर्थी कारभारीच, पण अगदी खालच्या इयत्तेतला. खूण दिसली की कृती, मध्ये विचार नाही. घरातला गिझर असाच असतो. वरच्या इयत्तेतला कारभारी वेगळा. त्याच्यापाशी जगाची एक प्रतिमा असते आणि तो ती सतत तपासतो. रॉजर कॉनंट आणि रॉस अॅशबी यांनी १९७० साली एका निबंधात गणिताने असे मांडले की एखाद्या व्यवस्थेवर चांगले नियंत्रण ठेवायचे तर नियंत्रकाला त्या व्यवस्थेचे प्रतिरूप स्वतःत बाळगावेच लागते. याच्या उलट बाजूने रॉडनी ब्रुक्स यांनी १९९१ च्या सुमारास युक्तिवाद केला की प्रतिरूप कशाला हवे, जगच स्वतःचे उत्तम प्रतिरूप आहे. बघा आणि वागा. खोलीतल्या खोलीत फिरणाऱ्या यंत्राला ब्रुक्स यांचे म्हणणे पुरते. कर्जतला पडलेल्या पावसाने मोहन्यात काही तासांनंतर काय होईल, हे मात्र मोहन्यात उभे राहून बघता येत नाही. दिसेपर्यंत पाणी पंपघरात आलेले असते.

आज आपल्या हाती काय आहे? बदलापूरजवळ उल्हासची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोक्याची पातळी १७.५० मीटर. हे दोन आकडे जिल्ह्यात पाठ आहेत आणि ते उपयोगाचेही आहेत. ज्याने ते ठरवले त्याने अनुभव आणि मोजमाप यांवरूनच ठरवले असणार. पण असा आकडा म्हणजे नदीची एका काळची आठवण असते, आणि ती गोठलेली असते. तीच गोष्ट पूररेषांची. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या हिशेबाच्या मुळाशी एक गृहीत आहे: उद्याची नदी कालच्या नदीसारखीच वागेल, वर-खाली होईल पण तिचा स्वभाव तोच राहील. २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात जलशास्त्रज्ञांच्या एका गटाने हे गृहीत आता मेले आहे असे शीर्षकातच जाहीर केले होते. उल्हास खोऱ्यात ते सिद्ध करायला हवामानबदलापर्यंत जायचीही गरज नाही. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत होती, २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली आणि त्यानंतरची वाढ रेल्वेच्या फलाटावर उभ्या असलेल्या कोणालाही दिसते. जिथे भाताची खाचरे पाणी धरून ठेवत होती तिथे भराव झाले, सिमेंटचे रस्ते झाले, ओढ्यांना मोऱ्यांत कोंबले गेले. तोच पाऊस आता नदीत लवकर आणि जास्त उतरणार, हे समजायला तज्ज्ञ लागत नाही. आकडा मात्र जिथल्या तिथे असतो.

आता बदलती समजूत बाळगणारे सॉफ्टवेअर नेमके काय करते ते जरा सावकाश पाहू, कारण सगळी मेख तिथे आहे. रुडॉल्फ कालमान यांनी १९६० साली मांडलेली पद्धत त्याच्या मुळाशी आहे. चंद्राकडे निघालेल्या अपोलो यानांना आपण नक्की कुठे आहोत हे ठरवताना तिचा उपयोग झाला. कल्पना साधी आहे. आधी स्वतःच्या समजुतीवरून भाकीत करायचे, मग मोजमाप पाहायचे, आणि दोहोंत फरक पडला तर दोघांवर किती विश्वास आहे त्या प्रमाणात समजूत सुधारून घ्यायची. समजा, कारभाऱ्याने कर्जतच्या पावसावरून भाकीत केले की सायंकाळी सहाला बदलापूरला पाणी १६ मीटरवर असेल आणि प्रत्यक्षात ते अर्धा मीटर जास्त निघाले. हा अर्धा मीटर कशाचा? पर्जन्यमापक जिथे आहे तिथे कमी आणि शेजारच्या दरीत जास्त पाऊस पडला असेल. जमीन आधीच तुडुंब भिजलेली असेल. जूनमधले शंभर मिलिमीटर माती पिऊन टाकते, ऑगस्टमधले तेवढेच पाणी थेट नदीत येते. मोजपट्टीच चुकली असेल. किंवा नदीच बदलली असेल, एखाद्या पुलाच्या बांधकामाने, एखाद्या भरावाने. एका पुरावरून यातले खरे कारण कळत नाही आणि चांगला कारभारी ते कळल्याचा आव आणत नाही. तो चारही शक्यता जिवंत ठेवतो, प्रत्येकीला वजन देतो. दुसऱ्या पुरात चूक उलट्या दिशेने झाली तर पावसाच्या मोजमापावर संशय वाढतो. सलग तीन पुरांत चूक एकाच दिशेने, एकाच जागी आणि जमीन कोरडी असतानाही झाली तर नदी बदलली या शक्यतेचे वजन वाढते. तेव्हा तो दोन गोष्टी करतो: स्वतःचे गणित बदलतो आणि माणसाला सांगतो की अमुक दोन मोजमाप केंद्रांच्या मध्ये काहीतरी घडले आहे, जाऊन बघा. अशा सॉफ्टवेअरचे खरे मोल मला या दुसऱ्या गोष्टीत दिसते. भाकीत चार-सहा सेंटिमीटरने नेमके होणे ही त्या मानाने किरकोळ गोष्ट. आपली चूक आपल्या हिशेबाच्या बाहेर न टाकता तिच्यातूनच जगाविषयी काही शिकणे, ही सवय आपल्या कचेऱ्यांना नाही आणि यंत्राला ती लावता येते.

पुराचे दिवस वर्षातून मोजके. उन्हाळ्यात मोहन्याची नदी वेगळ्याच कारणाने चढते-उतरते आणि ते कारण घाटमाथ्यावर आहे. टाटांच्या आंध्रा प्रकल्पात ठोकळवाडी धरणाचे पाणी भिवपुरीच्या वीजकेंद्रावर सोडले जाते. हे केंद्र १९२२ पासूनचे. आंध्रा नदी मुळात इंद्रायणीला आणि पुढे भीमेला मिळणारी, म्हणजे पूर्ववाहिनी. तिचे पाणी बोगद्यातून कोकणात उतरते, वीज निर्माण करते आणि पेज नदीवाटे उल्हासला येते. उन्हाळ्यात कल्याणकर जे पाणी पितात त्यात भीमेच्या खोऱ्याचा वाटा आहे, हे पंढरपूरकरांनी फार मनावर घेऊ नये. मुद्दा असा की एप्रिल-मेमध्ये या नदीतले पाणी बऱ्याच अंशी विजेच्या मागणीवर आणि बारवीच्या विसर्गावर चालते. धरणे रिती होऊ लागली की १५ जुलैपर्यंत पाणी पुरवण्याचा हिशेब मांडला जातो आणि कपात येते. कल्याण-डोंबिवलीत मंगळवारी पाणी बंद ही त्याचीच परिचित खूण. इथे कारभाऱ्याला ढग आणि माती समजून भागत नाही. दुसरे कारभारी काय ठरवणार याचाही अंदाज बांधावा लागतो: वीज कंपनी, महामंडळ, महापालिका आणि कपातीची बातमी ऐकताच टाक्या भरून ठेवणारी लाखो घरे. माणसे आपल्या अंदाजाला प्रतिसाद देतात, आणि त्या प्रतिसादाने अंदाज खोटा ठरतो. दगडधोंड्यांच्या नदीपेक्षा ही निर्णयांची नदी जास्त चंचल आहे.

महाराष्ट्राला हे सारे नवे नाही. कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी जलसंपदा विभागाने जागतिक बँकेच्या साहाय्याच्या जलविज्ञान प्रकल्पातून, डेन्मार्कच्या जलसंस्थेचे तंत्र घेऊन, तत्काळ माहितीवर चालणारी निर्णयसाहाय्य प्रणाली उभी केली. स्वयंचलित केंद्रांवरून पाऊस आणि पातळी येते, पुण्यात प्रतिरूप चालते आणि कोणत्या धरणातून किती सोडले तर सांगलीत काय होईल हे आधी पाहता येते. तरीही ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. त्यानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि वाद पेटला तो कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर, धरणे कधी आणि किती रिकामी ठेवायची यावर, दोन राज्यांनी एकमेकांना काय कळवायचे यावर. मुंबईसाठी ‘आयफ्लोज’ ही पूरइशारा यंत्रणा १२ जून २०२० रोजी सुरू झाली. पाऊस, नद्या, भरती आणि वस्तीची जोखीम एकत्र गुंफून ६ ते ७२ तास आधी कोणता भाग बुडू शकेल हे सांगण्याची तिची रचना आहे. पावसाला आणि भरतीला मुंबईच्या हद्दीवरचा मुलुंडचा चेकनाका माहीत नसतो, यंत्रणांना तो माहीत असतो, एवढीच यातली टोचणारी गोष्ट. जगात याहून पुढची पावले पडली आहेत. गूगलने २०१८ मध्ये पाटण्यापासून सुरुवात केली आणि २०२४ मध्ये त्यांच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवले की जिथे मोजमाप केंद्रेच नाहीत अशा नद्यांच्या पुराचेही, दुसऱ्या नद्यांवर शिकलेल्या संगणकी जाळ्याने (न्यूरल नेटवर्कने), उपयोगी भाकीत करता येते. उल्हाससारख्या मध्यम नदीला यातून आशा आहे. पण सांगलीचा धडा विसरता येत नाही: तिथे गणित होते आणि तरी माणसांतले भांडण सुटले नाही.

यावर काठावरच्या माणसाचा आक्षेप रास्त आहे. तो म्हणेल, आमच्या आजोबांना पाण्याचा रंग बघून कळायचे, संगणक कशाला? खरेच आहे, नदीकाठचा कोळी किंवा शेतकरी हा उत्तम जातीचा कारभारी असतो, त्याच्यापाशी प्रतिरूप असते आणि तो ते दर पावसाळ्यात सुधारतो. पण त्याचे ज्ञान त्याच्या डोहापुरते असते, आणि वीस किलोमीटर वर झालेला भराव त्याला न विचारता ते ज्ञान जुने करून टाकतो. शिवाय अनुभवी माणसांची एकमताने झालेली समजूतही चुकते. १९२६ च्या ओडिशातील पुरानंतर अभियंत्यांच्या समितीने ठरवले होते की ब्राह्मणी नदीचा तळ उंचावला आहे, तेव्हा बांध वाढवा. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी जुनी मोजमापे काढून तपासली तेव्हा तळ उंचावल्याचा पुरावाच सापडला नाही. त्यांनी बांध वाढवण्याऐवजी धरणे बांधण्याचा उपाय सुचवला. तिथे संगणक नव्हता, जपून ठेवलेल्या नोंदी होत्या. काठावरच्या माणसाची बातमी कारभाऱ्याच्या हिशेबात एक मोजमाप म्हणून गेली पाहिजे. तिला बाजूला सारणारे सॉफ्टवेअर मूर्खच म्हणावे लागेल.

दुसरा आक्षेप २६ जुलैचा. २००५ साली त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. बदलापूर-कल्याणनेही त्या दिवशी जे पाहिले ते आधी पाहिले नव्हते. जे कधी घडलेच नाही ते यंत्र शिकणार कोठून? निव्वळ मागच्या आकड्यांवर पोसलेले यंत्र खरोखरच शिकणार नाही. म्हणून पाण्याचे वहन सांगणारे भौतिकशास्त्र आणि आकड्यांवरून शिकणे यांची सांगड लागते. पाऊस अभूतपूर्व असला तरी पाणी उताराकडेच वाहते. आणि म्हणूनच कारभाऱ्याने ‘हे माझ्या अनुभवाबाहेरचे आहे’ असे वेळेवर सांगणे गरजेचे ठरते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना नौकांतून बाहेर काढावे लागले. तशा रात्री ‘नक्की काय होईल ते मला सांगता येत नाही’ एवढे वाक्यसुद्धा गाडी आधीच्या स्थानकावर रोखायला पुरेसे कारण ठरू शकते. अनिश्चितता लपवणाऱ्या यंत्रापेक्षा ती बोलून दाखवणारे यंत्र बरे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि तो पूर्ण खोडता येत नाही. सतत शिकणारे यंत्र खोटेही शिकते. मोहन्याच्या बंधाऱ्याशी दर वर्षी जलपर्णीचा गालिचा अंथरला जातो. नाल्यांचे सांडपाणी तिला पोसते. वरून लहरी सोडून पातळी मोजणारा संवेदक अशा ठिकाणी पाण्याऐवजी जलपर्णीच्या माथ्याचे अंतर मोजू शकतो. महिनाभर ते चालले तर शिकाऊ कारभारी ‘नदी चढली आहे’ असे मनाशी धरून बसेल आणि त्यावर पुढचे हिशेब रचेल. गोठलेल्या आकड्याचा एक गुण असा की तो निदान फसत नाही. यावर उपाय आहेत: एकच गोष्ट दोन मार्गांनी मोजणे, समजूत बदलली की जुनी समजूत पुसून न टाकता तारखेनिशी जपणे, ठरावीक मर्यादेपलीकडचा बदल माणसाच्या संमतीशिवाय न स्वीकारणे. पण हे उपाय म्हणजे पुन्हा माणसे, पगार आणि देखभाल. निविदेत यंत्राची किंमत असते, मोजपट्टीवरची जलपर्णी काढणाऱ्या माणसाचा पगार नसतो. त्याची तरतूद नसेल तर शिकणारे सॉफ्टवेअर घेऊच नये, इतके स्पष्ट मी म्हणेन.

राहिला जबाबदारीचा प्रश्न. पंप बंद करा, वस्ती हलवा, विसर्ग आधीच सुरू करा, असा सल्ला यंत्राने दिला आणि पूर आलाच नाही, तर जाब कोणाला? आज अधिकारी ७२.६० किंवा १७.५० या आकड्यामागे सुरक्षित उभा राहू शकतो; नियमाने सांगितले, मी केले. संभाव्यतेमागे उभे राहता येत नाही. शंभरात चाळीस वेळा सल्ला ‘फुकट’ जाणार असेल तर ती चूक नसून हिशेब आहे, हे मान्य करणारी शासकीय भाषा आपण अजून घडवलेली नाही. म्हणून निर्णय माणसाचाच राहिला पाहिजे आणि त्याचबरोबर यंत्राने कोणत्या वेळी, कशाच्या आधारे, किती खात्रीने काय सांगितले होते याची नोंद सर्वांसाठी उघडी राहिली पाहिजे. तशी नोंद असली तर काळजीपूर्वक जोखीम घेणारा अधिकारी वाचतो आणि झोपी गेलेला सापडतो. अशा नोंदीला नकार कोठून येईल, याचा अंदाज वाचकांना करता येईल.

उल्हास खोऱ्यात याची सुरुवात मोठ्या खरेदीने करण्याची गरज नाही. बारवीचा दरवाजा उघडल्याची वेळ, बदलापूरची पातळी, कल्याणच्या खाडीतली भरती आणि मोहन्याच्या बंधाऱ्यावरची पातळी, हे चार आकडे दर पुरात एकाच ठिकाणी, एकाच घड्याळाने नोंदले जावेत आणि पूर ओसरल्यावर आठवडाभरात प्रसिद्ध व्हावेत. ही मागणी महापालिकेच्या प्रभागसभेत, आमदारांच्या कार्यालयात किंवा माहिती अधिकाराच्या एका अर्जाने करता येते. अर्ज जूनच्या आधी गेलेला बरा.